आठ वर्षांची मुलगी आणि सासरे, दोघांना रात्रभराच्या आकाशदर्शनाला न्यावं का?

डोंबिवलीची_आई:
नमस्कार मंडळी, मुलीला ग्रहताऱ्यांचं प्रचंड वेड लागलंय म्हणून वाढदिवसाला ऑनलाइन टेलिस्कोप घेतला, खोक्यावर ५२५ पट मोठं दिसेल असं छापलं होतं, गच्चीवर नेला तर चंद्र सोडून काहीच धड दिसेना, स्टँड नुसता थरथरतो, पोरगी रडकुंडीला आली. आता वांगणीला खगोल मंडळाचं रात्रभराचं आकाशदर्शन असतं असं कळलंय. पण ती जागेल का? सासरे पण येतो म्हणतायत, वय ७३, गावाकडचे आहेत, त्यांना ते सगळं कंटाळवाणं तर नाही ना होणार? की सरळ वरळीच्या नेहरू तारांगणात नेऊ?

व्याध_८.६:
ताई नक्की जा. बरीच वर्षं टेलिस्कोपपाशी उभा राहून लोकांना आकाश दाखवतोय म्हणून सांगतो, तारांगण छानच आहे पण तिथे घुमटावर आकाश दाखवतात, खरा शनी स्वतःच्या डोळ्याने बघितल्यावर माणूस जे गप्प होतं ना ते वेगळंच. फक्त मुलीला आधीच सांगून ठेवा की फोटोतले रंग दिसणार नाहीत, मृगातला तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसतो कारण इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळतच नाहीत. हे आधी माहीत नसलं की मुलं फार हिरमुसतात. आणि मोबाइल खिशात ठेवायचा, डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की पहिल्यापासून सुरुवात, तुमचीच नाही, शेजारच्याची पण. टॉर्चला लाल जिलेटिन लावून आणा.

तुमचा टेलिस्कोप टाकू नका हां. भिंग ६० मिमीचं असेल तर १२० पटीच्या वर काही उपयोग नसतो, चित्र नुसतं फुगतं आणि पुसट होतं. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगावर, मोठा आकडा असेल तो लावा (२० किंवा २५ मिमी, आकडा जितका मोठा तितकं कमी पट मोठं दिसतं), भक्कम टेबलावर ठेवा आणि गुरू बघा, चार चंद्र दिसतील.

पेठेतला_खगोलप्रेमी:
माझं मत थोडं वेगळं आहे, आठ वर्षांच्या मुलीला पहिल्याच फटक्यात अख्खी रात्र नको. आमच्या पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करतेय, मी लहानपणी त्यांच्याच कार्यक्रमाला गेलो आणि तेव्हापासून अडकलो. दोन-तीन तासांचा कार्यक्रम मिळाला तर आधी तो करा. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला न्या, ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, मुलं अक्षरशः आ वासून बघतात.

डोंबिवलीची_आई:
खूप आभार दोघांचे! काल सासऱ्यांना मृगाचा फोटो दाखवला तर म्हणाले हे तर आमचं तिकांडं, रात्री पाणी धरायला शेतावर जायचो तेव्हा ते कुठवर आलं बघून किती रात्र राहिली ते कळायचं. लग्नाला बारा वर्षं झाली, हे मला माहीतच नव्हतं. आता मुलगी त्यांच्या मागे लागलीय, आजोबा मलाच दाखवा म्हणून.

व्याध_८.६:
मग काकांना आणाच, आणि तिथे त्यांना बोलतं करा, आम्हाला पण ऐकायचंय! पेठेतल्या दादांचं म्हणणं बरोबर आहे पण रात्रभर राहण्यात एक मजा असते, रात्री नऊला गुरूचे चंद्र कुठे होते ते मुलीला वहीत काढायला सांगा आणि मावळायच्या आत परत बघा, जागा बदललेली असते, आयो तर ४२ तासांत आख्खी फेरी मारतो. मधे झोपली तर झोपू दे, चटई-ब्लँकेट न्या, पहाटे वृश्चिक वर आला की उठवा. तारीख अमावस्येच्या जवळची धरा, आणि स्वेटर, कानटोपी, थर्मास विसरू नका, वांगणीला पहाटे चांगलंच गार होतं.