घाटात इंजिन तापतंय: व्हिस्कस क्लच बदलू की इलेक्ट्रिक फॅन बसवू?

घाटवाट:
२.५ लिटर डिझेल, इंजिन लांबीत बसवलेलं, ड्राइव्ह मागच्या चाकांना. पंखा वॉटर पंपावर, व्हिस्कस क्लचचा (आतल्या घट्ट तेलाच्या जोरावर पंख्याला कमी-जास्त पकडणारा जोड). सपाट रस्त्यावर ८०च्या वेगाला तापमानाचा काटा मध्यावर असतो. कुंभार्ली घाट एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मात्र पाऊण रेषेच्या वर जातो. एसी बंद केला की हळूहळू उतरतो. कूलंट कमी होत नाही, थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) नवा आहे. गॅरेजवाले म्हणतात, क्लच काढून इलेक्ट्रिक फॅन लावा, मायलेजही वाढेल. करावं का?

जुना_फिटर:
आधी क्लच तपासा. वेगात ठीक आणि हळू चढताना गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा हवा कमी पडतेय. रेडिएटर आतून चोंदला असता तर हायवेवर जोरात चालवतानाही काटा चढला असता.

घाट चढून आल्यावर इंजिन बंद करा, चावी काढा आणि पंखा हाताने फिरवा. गरम असताना तो जड लागायला हवा. बोटाने ढकलल्यावर दोन-तीन फेरे सहज मारत असेल तर क्लच गेला. क्लचच्या तोंडावर मधोमध जी पट्टी किंवा स्प्रिंग दिसते ती बायमेटलची. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती आतली झडप उघडते, सिलिकॉन तेल चकत्यांमध्ये शिरतं आणि पंखा पकड घेतो. ते तेल गळालं की पकड जाते. क्लचच्या कडेला तेलाचे ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसतेय का बघा. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. खडखड असेल तर बेअरिंगही संपलंय.

एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यातली फटही बघा. तिथे माती-किड्यांचा थर बसतो आणि बाहेरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीच्या पातळ फिन्स दुमडतात.

रिले_८७:
वरचं सगळं बरोबर. इलेक्ट्रिकबद्दल आकडे मांडतो.

१६ इंची फॅन चालू असताना साधारण २० अँपिअर घेतो, म्हणजे २७० वॉट. चांगला पकडलेला क्लचचा पंखा ३००० आरपीएमला याच्या कितीतरी पट ताकद घेतो आणि त्या मानाने हवाही खेचतो. घाटात नेमकं तेच लागतं. मायलेजचं म्हणाल तर क्लच सुटलेला असताना पंखा घसरतच फिरतो, त्यामुळे वाचण्यासारखं फार थोडं आहे.

तरीही बसवायचाच असेल तर:
- श्राउड (पंख्याभोवतीचं, हवा जाळीतूनच खेचायला लावणारं आवरण) रेडिएटरची पूर्ण जाळी झाकणारा हवा. नुसता फॅन जाळीवर टाय मारून लावला तर पात्यासमोरच्या भागातूनच हवा जाते, कोपरे कोरडे राहतात.
- फॅन रेडिएटरच्या मागे, हवा खेचणारा. वायर उलट जोडली तर तो उलटा फिरतो. कागद लावून दिशा तपासा.
- ४० अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, ४ चौरस मिमी तांब्याची वायर. सुरू होताना करंट काही क्षण दुप्पट-तिप्पट होतो, बारीक वायर आणि स्वस्त सॉकेट तिथेच वितळतात.
- थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल तर फॅनचा तापमान स्विच ९२ला चालू, ८७ला बंद होणारा घ्या. ८२च्या खालचा घेतला तर फॅन थांबणारच नाही.
- एसी लावला की फॅन सुरू झाला पाहिजे. ती वायर बरेच जण विसरतात आणि मग कंडेन्सरचं प्रेशर चढतं.

घाटवाट:
पंखा गरम असतानाही मोकळा फिरतोय, कडेला ओघळही आहेत. तेल भरून चालेल का?

जुना_फिटर:
बहुतेक क्लच सीलबंद असतात, आणि सील गेलंय म्हणूनच तर गळतंय. नवा घ्या. बसवेपर्यंत उभाच ठेवा, आडवा ठेवला तर तेल बेअरिंगकडे उतरतं. क्लच मधल्या एकाच मोठ्या नटाने बसवलेला असेल तर जोर लावण्याआधी आटे सुलटे की उलटे ते मॅन्युअलमध्ये बघा. एका पात्याला जरी चीर असली तरी पंखा बदला. आणि काढलेला श्राउड परत लावायला लावा, पाती साधारण अर्धी आत आली पाहिजेत.

रिले_८७:
पावसात पाणी भरलेल्या रस्त्यावरून जायचं झालं तर वेग कमी ठेवा. पट्ट्यावरचा पंखा बंद करता येत नाही. पात्यांना पाणी लागलं की ती पुढे वाकून रेडिएटर कापू शकतात.