मदत हवी आहे : गाडी कळमन्यात, ट्रॅकर काटोल रोडवर!

मंडळी, आमचा छोटा हत्ती टेम्पो काटोलहून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्री आणतो. त्यात जीपीएस ट्रॅकर बसवलाय. काल ड्रायव्हर मार्केटमधून बोलत होता, मागे हमालांचा गलका ऐकू येत होता, अन् मोबाईलवर गाडी 40 मिनिटं काटोल रोडवरच ठप्प! मग एकदम उडी मारून कळमन्यात. पोरावर उगाच ओरडलो.

ट्रॅकरची डबी किमान 4 उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा काढते आणि आतल्या सिममधून सर्व्हरला कळवते, एवढं समजलं. पण रेंज गेली तर मधले पॉइंट साठवून नंतर पाठवायला हवेत ना? माझ्याकडे नुसती सरळ रेघ दिसते. डबी डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीला चिकटून आहे, त्यानं फरक पडतो का? की आधी सिम बदलून पाहू? बसवणारा आता फोनच उचलत नाही.