एक लिटर पाणी गाळून मालवणच्या समुद्रातले मासे मोजता येतील का?

भरतीओहोटी:
मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. एवढ्याशा समुद्रात आज कोणते मासे आहेत याची ताजी यादी हवी असेल तर जाळी ओढा, डायव्हर उतरवा, नाहीतर पावसाळा संपायची वाट बघा.

माझं म्हणणं, पाणी गाळा. मासा पोहताना अंगावरचा बुळबुळीत थर, खवल्यांचे कण, विष्ठा असं काहीबाही पाण्यात सोडत असतो आणि त्यात त्याचा डीएनए असतो. एक-दोन लिटर पाणी बारीक गाळणीतून काढायचं, तिच्यावर अडकलेला डीएनए वेगळा करायचा, त्यातला ठरावीक तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पद्धतीने, वाढवून वाचायचा आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघायचा. जपानच्या माइझुरु आखातात ४७ ठिकाणच्या पाण्यात असे १२८ जातींचे मासे सापडले. त्यातल्या किमान २३ जाती तिथे १४ वर्षं बुड्या मारून मोजणी करणाऱ्यांना दिसलेल्याच नव्हत्या. यासाठी एकही मासा मारावा लागला नाही. मग आपण पोतंभर मासळी मारून सर्व्हे का करायचा?

कल्ले आणि काटे:
सर्व्हेच्या बोटीवर माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा पोतंभर मासळीच्या वतीने मीच बोलतो. त्या पोत्यातला प्रत्येक मासा मी हातात घेतला, पट्टीवर मोजला, पोट फाडून गाभोळी पिकलीय का ते पाहिलं. तुमची बाटली सांगणार, 'सुरमई आहे'. ती बोटभर पिल्लू की चार किलोची मादी, हे नाही सांगणार. मासेमारीचा एकही निर्णय नुसत्या 'आहे'वर होत नाही हो. १ जून ते ३१ जुलै बंदी का? तर त्या काळात बऱ्याच जाती अंडी घालतात म्हणून. हे पोटं फाडूनच कळलंय.

दुसरं, तुम्ही ताडून बघणार त्या नोंदी कोणाच्या? पापलेट घ्या. २०२३ मध्ये आपण त्याला राज्यमासा केलं. पण आपल्याकडच्या पापलेटला वर्षानुवर्षं जे शास्त्रीय नाव लावलं जात होतं ते चुकलं होतं, आता त्याला पॅम्पस कँडिडस म्हणतात. जागतिक डीएनए साठ्यात या कुळातल्या कितीतरी नोंदी भलत्याच नावाने पडून आहेत. यंत्राला काय त्याचं, जवळची नोंद दिसली की नाव चिकटवून मोकळं.

पिपेटवाली:
मी याच कामात आहे, म्हणून दोन्हीकडून मार खायची तयारी ठेवून लिहिते.

खाडीच्या तोंडाशी पाणी घेतलं होतं. तीनशे मिलिलीटर गेलं आणि गाळणी तुंबली. चॉकलेटी लगदा नुसता. पंप घरघरतोय, पाणी ढिम्म हलेना. एका नमुन्याला तीन गाळण्या लागल्या. पण खरी फजिती पुढे झाली. दर वेळी आम्ही एक बाटली शुद्ध पाण्याची नेतो आणि तीही तशीच गाळतो. तिच्यात काहीच सापडता कामा नये. सापडली सुरमई! दुपारी खानावळीत सगळ्यांनी सुरमईची थाळी हाणली होती, हात धुतले होते, हातमोजेही घातले होते. तरीही. त्या दिवसाचे सगळे नमुने बाद.

आता हेच शहराजवळच्या समुद्राला लावा. गटारातून येणारं पाणी माणसांनी खाल्लेल्या माशांचा डीएनए घेऊन येतं. कोंबडीसुद्धा निघते, कारण माशांसाठीचे प्रायमर (डीएनएचा हवा तो तुकडा हेरून धरणारे छोटे तुकडे) पक्ष्यांवरही चालतात. भरतीओहोटींनी उदाहरण दिलंय त्याच माइझुरुत हॉर्स मॅकरेलचा डीएनए मोजला तेव्हा मासळी बाजाराच्या धक्क्याजवळ आकडा फुगलेला निघाला होता. मेलेल्या माशांचा!

तरी पद्धत टाकाऊ नाही. ओकिनावाच्या मत्स्यालयात, टाक्यांत काय आहे हे आधीच माहीत असताना, १८० पैकी १६८ जाती पाण्यातून ओळखता आल्या.

भरतीओहोटी:
म्हणजे ९३ टक्के! आणि करवत माशासारखा दुर्मीळ जीव असेल तर? त्याला शोधायला जाळं टाकायचं आणि सापडला की जाळ्यातच मारायचा, हा कुठला न्याय? उत्तर ऑस्ट्रेलियात त्याचा शोध पाण्याच्या नमुन्यांतूनही घेतात.

कल्ले आणि काटे:
करवत माशापुरतं मान्य. त्याच्यासाठी मीही बाटली भरेन. पण मत्स्यालयाचीच गोष्ट काढलीत तर कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयाचीही ऐका. तिथल्या ४५ लाख लिटरच्या टाकीचं पाणी तपासलं, हाडांचा सांगाडा असलेले मासे बहुतेक सापडले. शार्क आणि कासव डोळ्यांसमोर फिरत होते, ते यादीत नाहीतच. वापरलेला प्रायमर त्यांना धरतच नव्हता.

माझी भीती निराळीच आहे. उद्या एखाद्या बंदराच्या पर्यावरण अहवालात लिहून येईल, 'पाण्याच्या नमुन्यांत अमुक जाती आढळल्या नाहीत'. सही, शिक्का, भराव सुरू. जाळ्याने केलेल्या सर्व्हेवर कोळी निदान भांडू शकतो, माझ्या डालग्यात बघा म्हणून. यंत्रातून आलेल्या यादीवर तो काय भांडणार?

पिपेटवाली:
हे मला पटतं. 'आढळलं नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, हे आम्ही अहवालात लिहितो. पण ते वाक्य वरच्या टेबलावर पोचेपर्यंत गळून पडतं.

रापणकराचा झील:
माका एक सांगा. पाणी वाहता की नाय? रात्री देवबागच्या तोंडाक असलेलो बांगडो सकाळी तुमच्या बाटलेत गावतलो. मगे तो खयचो धरायचो?

(बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो.) आमची रापण अजून चालते. किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर ओढायचे, दोनेक तासांत जाळं वाळूवर येतं. त्यात काय आलं ते अख्खं गाव बघतं. बाजूला उभं राहून कोणी मोजलं तर आमची ना नाही. पण आजवर जे आले ते विचारून गेले आणि आकडे कधी परत आले नाहीत. बाटलीवाले तर विचारणारही नाहीत, पाणी काय कुणाच्या बापाचं.

पिपेटवाली:
तुमचा पहिला प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. समुद्रात हा डीएनए काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकतो, गरम पाण्यात लवकर विरतो. तेवढ्या वेळात प्रवाह त्याला कुठेही नेऊ शकतो.

मला एक सुचतंय. तुमची रापण ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी, त्याच जागी मी पाणी घेते. जाळ्यातली यादी कल्ले-काटे काकांनी करायची, बाटलीतली मी. दोन्ही कागद तुमच्याकडे ठेवू.

कल्ले आणि काटे:
येतो. पट्टी आणि वजनकाटा माझा. पण पाणी जाळं टाकायच्या आधी भरा. एकदा मासा जाळ्यात तडफडायला लागला की पाणी खवल्यांनीच भरतं, मग सगळं सापडेल आणि भरतीओहोटी इथे नाचतील.

भरतीओहोटी:
आधी एक, नंतर एक. दोन्ही भरा ना. मी स्वतः बर्फाची पेटी घेऊन येतो.

रापणकराचा झील:
येवा. सकाळी साडेपाचाक वाळवेर. बाटले कितीव भरा, पण नुसते बघीत उभे रवलास तर काय गावाचा नाय. दोर ओढूक हात लावलास तर वाटो गावतलो.