कुटुंबासाठी विजेवर चालणारी मोटार घ्यावी का?

प्रश्न : आम्ही घरात पाच जण आहोत, त्यांत एक लहान मूल आणि आजी. रोजचा प्रवास सुमारे 40 किलोमीटरचा, पण वर्षातून तीन-चार वेळा लांबचा प्रवास होतो. अशा कुटुंबाने विजेवरची मोटार एकमेव वाहन म्हणून घ्यावी काय?

प्रतिसाद १ : आधी पार्किंगच्या जागी चार्जर बसवता येईल का, हे पाहा, उरलेले प्रश्न त्यानंतरचे. 7 किलोवॉटच्या चार्जरवर 50 किलोवॉट-तासांची बॅटरी साधारण सात-आठ तासांत, म्हणजे रात्रभरात भरते. मात्र महामार्गावर वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे कागदावरचा पल्ला तिथे मिळेल असे धरू नका. जलद चार्जिंगही 80 टक्क्यांनंतर मंदावते, म्हणून तेवढ्यावरच निघणे सोयीचे.

प्रतिसाद २ : आजींना मागच्या आसनावर अर्धा तास बसवून पाहा. बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत फरशी उंच होते आणि गुडघे वर येतात, ही गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते! बालआसनासाठी आयसोफिक्सचे हुक (बालआसन थेट गाडीला घट्ट अडकवण्याची सोय) आहेत का, तेही तपासा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. बॅटरी कोणत्या प्रकारची घ्यावी?

प्रतिसाद १ : लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी गाड्यांतल्या इतर प्रचलित लिथियम बॅटऱ्यांपेक्षा वजनाच्या मानाने कमी ऊर्जा साठवते, पण ती अधिक चार्जिंग-चक्रे टिकते आणि उष्णतेत अधिक स्थिर राहते. तुमच्या वापरासाठी मी तीच निवडेन.