अनुभव धागा: अंथरुणातली धूळ आणि सकाळच्या शिंका

माझी लेक आठ वर्षांची. सकाळी डोळे उघडले की वीसेक शिंका, नाक चोंदलेलं, आणि शाळेतून येईपर्यंत ठणठणीत. दोन वर्षं मी जळमटं नि पंख्याची पाती पुसत बसले. प्रिक टेस्टमध्ये (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे थेंब ठेवून त्वचेवर हलकंसं टोचतात) हातावर सगळ्यात मोठी गांधी उठली ती धुळीतल्या माइट्सची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जीवांची. डॉक्टर म्हणाले, ''आधी अंथरूण बघा.'' हे जीव चावत नाहीत. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. ॲलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. आता गादी-उशांना चेनची माइटप्रूफ कव्हरं आहेत आणि अभ्रे-चादरी दर रविवारी 60 अंशांच्या पाण्यात. दोन महिन्यांत शिंका निम्म्यावर आल्या. तुम्हाला कशाने गुण आला? कशाने नाही आला, तेही लिहा.

*

आमचं रत्नागिरी. पावसाळ्यात गोधड्या आठ-आठ दिवस वाळत नाहीत, घडीत हात घातला की दमट लागतं. माइट्सना तेच हवं असतं. दम्याचा त्रास असून मी गादी पिंजताना शेजारी उभी राहिले, आणि रात्री दोनदा इनहेलर घ्यावा लागला. ज्याला त्रास आहे त्याने त्या दिवशी घरात थांबूच नये. जाड गोधड्या मी देऊन टाकल्या. पातळ सुती चादरी दोन घेते, धुतल्या की संध्याकाळपर्यंत वाळतात.

*

नागपूरला मे महिन्यात एवढी कोरडी हवा, तरी माझा खोकला वाढायचा. कारण कूलर! रात्रभर बंद खोलीत ओलावा. आता खिडकी उघडी ठेवूनच लावतो.

*

पुण्यात महागडा एअर प्युरिफायर घेतला. माइट्सच्या ॲलर्जीला फारसा उपयोग झाला नाही, कारण ते कण जड, लगेच खाली बसतात. त्यापेक्षा केरसुणी सोडून ओल्या फडक्याने पुसणं बरं. मुलाचं खेळण्यातलं अस्वल पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवते, मग धुते. नुसतं गोठवून किडे मरतात, विष्ठा तिथेच राहते.

*

लंडनला भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, काढता येत नाही. हिवाळ्यात कपडे घरातच रेडिएटरवर (खोली गरम ठेवणाऱ्या हीटरवर) वाळवायचो. डीह्युमिडिफायर (ओलावा शोषणारं यंत्र) लावून हवेतला ओलावा 50 टक्क्यांच्या खाली आणला, तेव्हा कुठे बायकोची रात्रीची घरघर कमी झाली.

*

एक राहिलं. प्रिक टेस्टआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. आमची पहिली टेस्ट त्यापायी वाया गेली.