मदत हवी आहे : सोसायटीच्या गाळ्यात सामायिक ऑफिस काढायचंय

नमस्कार मंडळी. बदलापूर पूर्वेला आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा गाळा रिकामा आहे. तिथे घरून काम करणाऱ्यांसाठी टेबलं, तीन सामायिक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि वायफाय असं केंद्र काढायचा विचार आहे. इथून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. आठवड्यातले दोन दिवस लोकलची लटकंती वाचली तरी लोक पैसे मोजतील. वन-बीएचकेत कुकरच्या शिट्ट्या ऐकत मीटिंग कशी होते ते सांगायला नको!

अभ्यासिका चालवणाऱ्यांना खास विचारतोय. तुमच्याकडे सगळे गप्प बसतात, इथे चौघं एकदम कॉलवर असणार. प्लायचं पार्टिशन पुरतं का, की वेगळी खोलीच लागते? सामायिक कॉम्प्युटरवर एकाच्या फायली, पासवर्ड दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून नेमकी काय सोय करता? दरवेळी सगळं पुसून टाकणारं गेस्ट अकाउंट ठेवावं असं माझं मत, पण भाचा म्हणतो प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या. वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर निघेल, डेस्कटॉपना मात्र यूपीएस लागेलच ना?

मीटर व्यावसायिक घ्यावं लागणार हे धरून चाललोय. पैसे तासावर घ्यावेत की महिन्याचे? प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनीच सांगा, ऐकीव सल्ले इथे सोसायटीत भरपूर मिळतात.