विषय: Re: बीसबोस सहल, जून – नागपूरकरांच्या सायकली, ब्रेकचं आजच ठरवा

प्रेषक: नाना, धरमपेठ, नागपूर

मंडळी,
नेदरलँड्समधल्या बीसबोस या पाणथळ राष्ट्रीय उद्यानातल्या सहलीसाठी डॉर्ड्रेख्ट गावच्या सायकल दुकानदाराचं उत्तर आलं. आठपैकी पाच सायकली दोन्ही हातब्रेकच्या मिळतात. उरलेल्या तीन पॅडल मागे दाबून थांबणाऱ्या, सोबत पुढे एक हातब्रेक. पैसे शुक्रवारपर्यंत भरायचे आहेत.

आमचे आठही जण रोज सकाळी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स करतात, तेव्हा ३० किलोमीटर कोणालाच जड नाही. अडचण फक्त या तीन सायकलींची आहे. नागपुरात असा ब्रेक हात लावून पाहायलाही मिळत नाही. वयं ५८ ते ७१. उंची आणि पायाची आतली लांबी सोबतच्या तक्त्यात आहे. तक्त्यातल्या ३ आणि ६ नंबरच्या बायकांचे अंगठे दुखतात, हातब्रेक जास्त वेळ दाबवत नाही, हेही धरा.

तीन घ्याव्या, की तिथल्या मराठी मंडळातल्या कोणाच्या सायकली मिळतील? आपल्याच सायकली पेटीत घालून न्याव्या असंही दोघे म्हणून राहिले आहेत.

– नाना


प्रेषक: बंडूभाऊ, डॉर्ड्रेख्ट

नाना, त्या तीन घेऊ नका. सविस्तर लिहितो, कारण "सवय होते" हे उत्तर येणारच आहे.

आपल्याकडच्या सायकलला फ्रीव्हील असते. पॅडल मागे फिरवलं तर नुसतं कटकट वाजतं. म्हणून वळणावर आतलं पॅडल वर घेणं, उतारावर रिकामे पाय मागे मारणं हे सगळं पाय आपोआप करतात. इथे त्याच हालचालीने मागचं चाक जाम होतं. डॉर्ड्रेख्टच्या जुन्या भागात विटांचे रस्ते आहेत. ते ओले असताना चाक जाम झालं की सायकलचा मागचा भाग बाजूला सरकतो.

दुसरं म्हणजे निघणं. थांबल्यावर पॅडल खाली राहिलं तर ते मागे फिरवून वर आणता येत नाही. सीटखाली हात घालून मागचं चाक उचलायचं आणि पंजाने पॅडल पुढे फिरवून वर आणायचं. सिग्नलला मागे दहा जण उभे असताना हे करावं लागलं की माणूस गडबडतो. तिसरं, पॅडल आडवी असली तरच या ब्रेकला जोर मिळतो. एक सरळ वर आणि एक सरळ खाली असेल तर कितीही दाबा, थांबत नाही. आणि चेन उतरली की मागचा ब्रेक संपलाच, हाती फक्त पुढचा उरतो.

हातब्रेकच्या पाच सायकलींवरही एक गोष्ट बघा. भारतात पुढचा ब्रेक साधारणपणे उजव्या मुठीत असतो, इथे डाव्या. घाईत डावा जोरात दाबला तर पुढचं चाक थांबतं आणि माणूस हँडलवर जातो. पुढच्या ब्रेकच्या दांडीला लाल टेप गुंडाळा, पाचही सायकलींना, निघायच्या आधी.

– बंडू


प्रेषक: माधवीताई, रॉटरडॅम

बंडूभाऊ, तुमचं चौथं, चेन उतरण्याचं कारण सोडलं तर बाकी सगळी सरावाची गोष्ट आहे.

पायाचा ब्रेक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोळ्याच्या, आत असतो. पावसात भिजत नाही, रबर झिजत नाही, केबल ओढली जात नाही. तो लांब आणि तीव्र उतारावर तापतो. इथे उतार म्हणजे बांधावरून खाली येणं आणि पुलाचा रपटा, एवढंच. ज्यांचे अंगठे दुखतात त्यांना दुखऱ्या बोटांनी दिवसभर ब्रेक दाबायला लावणार, की पूर्ण पायाचा जोर वापरू देणार? ३ आणि ६ नंबरला हाच ब्रेक द्या.

घेताना एक तपासणी मात्र करायची. हबमधून एक चपटी पट्टी निघते आणि चेनच्या बाजूला नाही, तर दुसऱ्या बाजूला फ्रेमच्या नळीला क्लिपने बांधलेली असते. ती हाताने हलवून बघा. क्लिप सैल असेल तर ब्रेक नीट धरत नाही. दुकानदाराला तिथेच स्क्रू आवळायला लावा.

आदल्या संध्याकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास: आधी चालण्याच्या वेगाने दहादा थांबणं, मग थांबून चाक उचलून पॅडल वर आणणं, मग आठाच्या आकारात वळणं आणि वळताना पाय स्थिर ठेवणं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, वेळेची चणचण नाही.

उरलेल्या एकासाठी माझी दोन्ही हातब्रेकची सायकल आहे. वॉटरबसवर (नदीतली प्रवासी बोट) सायकल फुकट जाते, शनिवारी सकाळी एरास्मस पुलाच्या धक्क्यावरून घेऊन येईन.

– माधवी


प्रेषक: खजिनदार

मंडळी, मंडळाच्या नावाने कोणाची खाजगी सायकल द्यायची नाही हे मागच्या सभेत ठरलं आहे. माधवीताईंनी द्यावी, जरूर द्यावी, पण ती त्यांच्या आणि नानांच्या माणसातली गोष्ट. कुलूप हरवलं, चाक वाकलं तर बिल मंडळाकडे पाठवू नये. दुकानाची अनामत नानांच्या गटाने स्वतः भरायची. गणपतीच्या खुर्च्यांसारखं पुन्हा व्हायला नको.

चोरीबद्दलही लिहून ठेवतो. मागच्या चाकावरचं गोल कुलूप नागपूरकरांना ओळखीचं आहे, तसंच असतं. पण तेवढ्याने सायकल जागची उचलून नेता येते. साखळी वेगळी हवी आणि ती खांबाला अडकवायची.


प्रेषक: विलासकाका, प्रतापनगर, नागपूर

पेटीत सायकल नेण्याबद्दल नानांनी लिहिलं, त्यावर.

पेटीचं वजन, विमानाचे पैसे, पॅडल उतरवणं (डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटते), हँडल वळवणं, पोहोचल्यावर पुन्हा ब्रेक लावणं, हे एका दिवसाच्या ३० किलोमीटरसाठी परवडत नाही. हेल्मेट मात्र न्या. तिथे सक्तीचं नाही, मोठी माणसं घालतही नाहीत, पण आपल्या मापाचं डोक्यावर बसलेलं बरं.

पंक्चरची काळजी करू नका. तिथल्या साध्या सायकलींच्या ट्यूबला आपल्या काळ्या सायकलीसारखाच व्हॉल्व्ह असतो, नट काढला की आतला तुकडा हातात येतो. आपल्याकडे त्यावर रबरी वालट्यूब चढवतात, ती फाटली की हवा जाते. सीताबर्डीच्या कोणत्याही सायकल दुकानातून हातभर वालट्यूब घेऊन खिशात ठेवा. तिथल्या पंपाचं तोंड बारीक असतं, मोटारचा पंप बसत नाही.

चेन पूर्ण झाकलेली असते म्हणून मागचं चाक काढायला बसू नका. टायरची एक बाजू काढून ट्यूब बाहेर ओढा, पाण्यात बुडवा, तिथेच ठिगळ लावा. आपला पंक्चरवाला करतो तसंच.


प्रेषक: बंडूभाऊ, डॉर्ड्रेख्ट

विलासकाका, वालट्यूबचं बरोबर. पण इथे बहुतेक ठिकाणी रबराऐवजी आत गोळी असलेला तुकडा मिळतो, तो घ्या, हवा भरायला कमी जोर लागतो.

माधवीताई, अंगठ्यांचा मुद्दा मान्य. पण मग त्या दोघींना रांगेत मधे ठेवू नका. वेगवेगळ्या ब्रेकच्या सायकली जवळजवळ चालल्या की मागचा पुढच्यावर जातो. त्या दोघी शेवटी, पुढच्या सायकलीपासून तीन सायकलींएवढं अंतर. आणि गप्पांसाठी दोघंच शेजारी, तिसरा नाही. कायद्यातही दोघांनाच परवानगी आहे.


प्रेषक: सहल समिती

वाट आणि वेळ समिती ठरवते, हे नम्रपणे लक्षात आणून देतो. नॉर्डवार्डच्या बाजूने जायचं ठरलेलं आहे: डॉर्ड्रेख्टहून कॉप फान ट लांडपर्यंत, तिथून फेरीबोटीने नदी ओलांडून नॉर्डवार्ड, बीसबोस म्युझियम, त्याच वाटेने परत. फेरीबोटीच्या लोखंडी फळीवर सायकलवर बसून चढू नका, ओली असते. ढकलत न्या.

नॉर्डवार्ड पूर्वी शेतीचं पोल्डर, म्हणजे बांध घालून कोरडी ठेवलेली जमीन होतं. पुराचं पाणी आत घेता यावं म्हणून ते नदीला मोकळं केलं, काम २०१५ मध्ये पुरं झालं. त्यामुळे तिथे सगळं उघडं आहे, झाडाची सावली नाही आणि वारा अडत नाही. पश्चिमेचा वारा असला तर जाताना पाठीशी आणि परतताना तोंडावर. दमलेल्या पायांना तोच त्रास देतो, म्हणून जाताना वेग वाढवू नये. वाऱ्याचा अंदाज ५ बोफोर्टच्या (वाऱ्याच्या जोराचं माप) वर असेल तर नदी ओलांडणं रद्द, डॉर्ड्रेख्टच्याच बाजूच्या विलोच्या झाडीत फिरायचं.

नानांच्या गटातून विचारणा होती की पेंचसारखं गेट, परमिट, गाइड लागतो का. नाही. प्रवेशाचे पैसे नाहीत. पण आखलेली वाट सोडायची नाही. बीव्हर (झाडं कुरतडणारे पाण्यातले प्राणी) १९८८ पासून पुन्हा सोडले आहेत, दिवसा दिसायची आशा धरू नका. कुरतडलेले विलोचे बुंधे दिसतील, पेन्सिलला टोक काढावं तसे. मासेमार घार मात्र वर बघत राहिलात तर दिसू शकते. नेदरलँड्समधलं तिचं पहिलं यशस्वी घरटं इथलंच, २०१६ चं.

जेवणाचा डबा बाकावर बसून खा, उंच गवतात नाही. जूनमध्ये गोचिडी असतात, खसखशीएवढ्या. संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, चुना काही लावू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरू लागलं तर नागपुरातल्या डॉक्टरला "नेदरलँड्समध्ये गोचीड चावली होती" हे मुद्दाम सांगा. तिकडे लाइम हा आजार रोज दिसत नाही, आपण सांगितल्याशिवाय त्यांच्या डोक्यात येणार नाही.

सायकलवाटांच्या फाट्याफाट्यांवरच्या नंबरांच्या पाट्यांची पद्धत बेल्जियमच्या लिम्बुर्गमध्ये १९९५ साली सुरू झाली, आता इथेही सगळीकडे आहे. आपल्या वाटेवरच्या फाट्यांचे नंबर क्रमाने कागदावर लिहून हँडलला चिकटवा. चालत्या सायकलवर फोन हातात धरला तर दंड आहे.


प्रेषक: माधवीताई, रॉटरडॅम

समितीला एकच सांगणं: जमिनीवर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोकं आपल्याकडे असली तर आडव्या येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे यादीत घाला. नागपूरहून येणाऱ्यांना उजवीकडून चालायचं एवढं सगळे सांगतात, हे कोणी सांगत नाही.


प्रेषक: नाना, धरमपेठ, नागपूर

ठरलं ते लिहितो. पाच हातब्रेकच्या, ३ आणि ६ नंबरला पायाच्या ब्रेकच्या, ८ नंबरला माधवीताईंची. ती सायकल मंडळाची नाही, आमच्या जबाबदारीवर. पैसे आज भरतो. तोवर आमचे आठही जण सेमिनरी हिल्सच्या उतारावर पॅडल मागे न फिरवता उतरायचा सराव करतील.

ताई, ८ नंबरच्या पायाची आतली लांबी ७२ सेंटिमीटर आहे. तुमच्या सायकलची सीट किती खाली येते ते मोजून कळवा. पाय जमिनीला टेकत नसतील तर शुक्रवारच्या आत दुकानदाराला सांगावं लागेल.

– नाना